बाईंना विचारा : सात नावांची नदी आणि आपले व्हाळ

गेल्या अंकात मी स्लोव्हेनियाच्या राजधानीवर, ल्युब्लियानावर आणि तिच्या मधून वाहणाऱ्या नदीवर लिहिलं होतं. लेक तिथे नोकरीला आहे, तिच्याकडे राहून आले, एवढंच निमित्त. पत्रांचा ढीग पडलाय. निम्म्या पत्रांत व्हिसा कसा काढला आणि जावई काय करतात हे विचारलंय. त्याची उत्तरं इथे मिळायची नाहीत. नद्यांचंच बोलू.

बाई, तुम्ही लिहिलंत की ल्युब्लियानित्सा नदीला सात नावं आहेत, कारण ती मध्ये मध्ये जमिनीखाली जाते आणि वर आली की नवं नाव घेते. पण खाली गेलेली आणि वर आलेली नदी एकच, हे ठरवलं कोणी?
— तुमचा एक माजी विद्यार्थी, देवगड

वर्गात कधी तोंड उघडलं नाहीस, आता बरा प्रश्न सुचला! आधी सात नावं मांडते, म्हणजे नकाशा डोळ्यांपुढे येईल. अगदी वर, क्रोएशियाच्या सीमेजवळ ती त्रबुहोवित्सा. बुडते. पुढच्या खोऱ्यात ओबर्ह. परत बुडते. त्सेर्क्नित्साच्या सपाटीवर स्त्रझेन, तिथून जमिनीखालून जाऊन राक. दुसऱ्या अंगाने पिव्का नावाची नदी येते, ती पोस्तोयनाच्या प्रसिद्ध गुहेत शिरते. राक आणि पिव्का यांचा संगम होतो तो प्लानिनाच्या गुहेत, डोंगराच्या पोटात. संगम म्हटला की आपल्याला देऊळ आणि घाट आठवतो. इथे काळोख आणि वटवाघळं. गुहेतून बाहेर पडली की ती उनित्सा. उनित्सा एका सपाट कुरणातून वेडीवाकडी वळणं घेत जाते आणि कडेच्या भोकांमधून पुन्हा गडप होते. शेवटी वऱ्हनिका या गावाशी बऱ्याच झऱ्यांमधून वर येते, ती ल्युब्लियानित्सा. मग मात्र गुमान राजधानीतून वाहते आणि पुढे सावा नदीला मिळते. एकूण लांबी ४१ किलोमीटर धरतात, त्यातली जवळजवळ निम्मी गुहांमधली.

एवढ्या लपंडावाचं कारण चुनखडीचा दगड. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, आणि चुनखडी त्यात विरघळते. लाखो वर्षांत भेगांच्या नळ्या होतात, नळ्यांच्या गुहा. अशा प्रदेशाला जगभर ‘कार्स्ट’ म्हणतात, ते नाव याच देशातल्या क्रास पठारावरून पडलेलं.

आता तुझा प्रश्न. एका भोकात रंग टाकायचा आणि खालच्या प्रत्येक झऱ्यावर माणूस बाटली घेऊन बसवायचा. फ्लोरेसिनसारखा रंग इतका चिवट की डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसत असतानाही यंत्राला तो सापडतो. पण रंग एकाच वेळी चार भोकांत टाकला तर कुठला कुठून आला ते कळत नाही. म्हणून १९७२ ते १९७५ या काळात ल्युब्लियानित्साच्या खोऱ्यात जी मोठी तपासणी झाली, तीत रंगांबरोबर एका नेचेवर्गी वनस्पतीचे बीजाणूही वापरले, वेगवेगळ्या रंगांत रंगवून. खाली झऱ्यावर बारीक जाळी लावायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुठला रंग अडकला ते बघायचं. त्यातून दिसलं की पाणी एका सरळ नळीतून जात नाही. एका भोकातलं पाणी दोन-तीन झऱ्यांना वाटलं जातं, आणि वाटप पावसाच्या जोरावर बदलतं. म्हणजे ‘एकच नदी’ हे खरं आहे, पण थोडं सोपं करून सांगितलेलं खरं.

याहून मजा शेजारच्या रेका नदीची. ती श्कोत्स्यानच्या गुहेत शिरते आणि साधारण चाळीसेक किलोमीटर पलीकडे, इटलीत समुद्राजवळ, तिमावो नावाने बाहेर येते. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या संशोधकांनी खुणा केलेले वाम सोडले होते! वाम म्हणजे आपल्या खाडीत सापडतात तेच सापासारखे मासे. त्यातले काही पलीकडे पकडले गेले. वाम कुठून पोहत आला ते सांगत नाही, पण पोचला हे नाकारता येत नाही.

ताई, त्या देशात म्हणे एक तळं आहे, कधी असतं कधी नसतं. आमच्या उन्हाळ्याच्या गंगेसारखंच की हो ते. कारण एकच का?
— एक आजी, राजापूर

काकू, हा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठलेच. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते : राजापूरजवळ उन्हाळे गावात गंगा ‘येते’. चौदा कुंडं, वडाच्या झाडाखाली मूळगंगा. एरवी कोरडं, आणि एके दिवशी पाणी. पूर्वी लोक तीन वर्षांचा हिशोब धरायचे, आता ती हिशोब पाळत नाही. जमिनीखाली पोकळी भरत जाते, आणि पाणी वाकड्या नळीच्या माथ्यापर्यंत चढलं की सगळं एकदम ओतलं जातं, म्हणजेच वक्रनलिका, असं तिचं कारण सहसा सांगतात.

त्सेर्क्नित्साच्या तळ्याचंही कारण तीनशे वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं. यानेझ वाय्कार्ड वाल्वासोर नावाचे तिथले एक सरदार. स्वतःच्या पैशाने प्रांतभर हिंडून १६८९ मध्ये त्यांनी त्या मुलुखाचा जाडजूड ग्रंथ छापला आणि त्यापायी कर्जबाजारी झाले. त्यांनी तळ्याचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलं : डोंगरात टाक्या आहेत, वाकड्या नळ्या आहेत, त्या भरल्या की तळं भरतं. एडमंड हॅली, धूमकेतूवाले, यांनी त्याचा नमुना करून सभेपुढे दाखवला. १६८७ मध्ये वाल्वासोर सोसायटीचे सदस्य झाले.

पुढे कळलं की इतकं गुंतागुंतीचं काही नाही. सपाटीच्या तळाला भोकं आहेत. शरद ऋतूत आणि बर्फ वितळताना पाणी येतं ते भोकांतून मावत नाही, म्हणून साठतं. दोन-तीन दिवसांत शेताचं तळं होतं, आणि भरलं की देशातलं सर्वात मोठं तळं, वीस-पंचवीस चौरस किलोमीटरचं. उन्हाळ्यात आवक आटली की भोकं हळूहळू सगळं गिळतात. तेव्हा कारण एकच नाही, काकू. आपल्या गंगेला नळीचा माथा लागतो, त्यांच्या तळ्याला नुसता जोराचा पाऊस पुरतो.

मी गेले तेव्हा तळं नव्हतं. गुडघाभर गवत होतं आणि एक जण यंत्राने ते कापत होता. मध्येच एक खळगा, त्याच्या तोंडाशी ओंडके, काटक्या आणि वाळलेला चिखल अडकलेला, मोरीच्या जाळीत केस अडकतात तसा. हे ते भोक. मी वाकून कान लावला. लेकीला लाज वाटली.

मॅडम, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या दुकानाच्या माळ्यापर्यंत आलं होतं. तुमच्या लेखातले ते नदीकाठचे कॉफीचे टेबल बघून विचारावंसं वाटलं : त्या शहरात पूर येत नाही का?
— एक व्यापारी, चिपळूण

साहेब, येतो. पण तुमच्यासारखा बाजारपेठेत सहसा येत नाही, आणि त्यामागे अडीचशे वर्षांची खटपट आहे.

ल्युब्लियानाच्या दक्षिणेला मोठी पाणथळ आहे, सुमारे १६० चौरस किलोमीटर. नदी त्या पाणथळीतून येते आणि किल्ल्याची टेकडी व दुसऱ्या डोंगराच्या अरुंद फटीतून शहरात शिरते. तुम्हाला चिपळूणचा नकाशा माहीत आहे, जास्त सांगायला नको. पाणी तुंबायचं. १७७०च्या दशकात गॅब्रिएल ग्रुबर नावाच्या जेझुइट पाद्र्याने, जे जलशास्त्र शिकवायचे, किल्ल्याच्या मागून दुसरी वाट खणायला घेतली. जेमतेम दोन किलोमीटरचा कालवा. काम रेंगाळलं, खर्च फुगला, ग्रुबरना बाजूला करून दुसऱ्याकडून पुरं करून घेतलं. (हे वाचून तुम्ही हसलात, मला दिसलं.) पण तो कालवा आजही पुराचं पाणी शहराला वळसा घालून नेतो.

पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. पाणथळ सुकली तशी लोकांनी तिथलं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचं जळण, कापून विकलं आणि जाळलं. जमीन खचली. खचल्यावर पुन्हा पाणी बसायला लागलं. मग नदीचं पात्र खोल केलं. पात्र खोल केल्यावर उन्हाळ्यात पाणी फारच खाली जाई, म्हणून पाणी धरायला दरवाजे बांधले. एक दुरुस्ती दुसरी दुरुस्ती मागते, हे पाटबंधाऱ्यातल्या कुणालाही विचारा.

आणि पूर दोन जातींचे. ल्युब्लियानित्साचा पूर गुहांमधून येतो, म्हणून सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. सप्टेंबर २०१० मध्ये पाणथळीवर तो दूरवर पसरला होता. दुसरा, पश्चिमेच्या डोंगरातून येणाऱ्या ग्रादाश्चित्सा या ओढ्याचा. हा आपल्या पऱ्ह्यासारखा : डोंगरात ढग फुटला की काही तासांत दारात. शहराबाहेर एका बंधाऱ्याशी त्याचे दोन फाटे केलेत. छोटा फाटा शहरात येतो, पुराचं पाणी माली ग्राबेन नावाच्या फाट्याने बाहेरून जातं. अलीकडच्या वर्षांत तो रुंद करायची कामं काढली, कारण त्याच्या कडेला घरं उभी राहिलीत. तिथेही घरं उभी राहतात, हो. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये देशाच्या मोठ्या भागात जो पूर आला, त्यात डोंगरातल्या नद्यांनी रस्ते, पूल आणि घरं नेली.

तरी एक फरक मला महत्त्वाचा वाटला. त्या पाणथळीचा मोठा भाग आज संरक्षित आहे, आणि पाणी तिथे पसरतं तेव्हा ते राजधानीबाहेर थांबलेलं असतं. चिपळूणला गाळ काढला, चांगलं झालं. पण पाण्याला पसरायची जागा कुठे ठेवलीय, हा प्रश्न मी तुमच्या नगरपरिषदेला दर सभेत विचारला असता.

आमच्या वाडीतला साकव दर दोन पावसाळ्यांनी वाहून जातो. तुमच्या फोटोत एकाच ठिकाणी तीन पूल चिकटून कशाला?
— एक ग्रामपंचायत सदस्य, लांजा

मधला पूल १८४२चा, दगडी. गाड्या वाढल्या, चालणाऱ्यांना जागा उरेना. तो पाडून रुंद पूल बांधायचा सोडून योझे प्लेचनिक या वास्तुरचनाकाराने दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी एकेक पूल जोडला, १९२९ ते १९३२ दरम्यान. तिन्ही पंख्यासारखे उघडतात. त्याच माणसाने नदीकाठचे कठडे, पायऱ्या, बाजाराची खांबांची ओळ, पाणी धरायचे ते दरवाजे, सगळं बांधलं. २०२१ मध्ये त्यांची ल्युब्लियानातली कामं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. मला मात्र त्यांचा ग्रादाश्चित्सावरचा छोटा पूल आवडला. पुलावर चक्क बर्चची झाडं लावलीत. तुमच्या साकवावरही झाडं उगवतात, पण ती कुणी लावलेली नसतात.

नदीचे मासे खातात का? चव कशी?
— एक खवय्या, मालवण

खातात. ट्राउट. लेकीने आणला, लोण्यात भाजला, वर लिंबू. मी गुपचूप तिखट-मीठ-हळद लावून दुसऱ्या दिवशी तव्यावर टाकला, तेव्हा तो मासा झाला. मासळीबाजार बाकी बघण्यासारखा आहे : त्या खांबांच्या ओळीखाली, नदीच्या पातळीजवळच्या मजल्यावर. संगमरवरी ओटे, बर्फ, आणि एक बाई आपल्या कोळणीच्याच नजरेने गिऱ्हाईक जोखत उभी. माल बहुतेक समुद्राचा. पश्चिमेला सोचा नावाची हिरवीगार नदी आहे, तिच्यातला संगमरवरी नक्षीचा ट्राउट जगात फार थोड्या नद्यांत सापडतो; तो खायला नव्हे, बघायला.

त्यांच्या नद्या समुद्राला मिळतात का आपल्यासारख्या?
— एक वाचक, श्रीवर्धन

फार थोड्या. देशाच्या वाट्याला एड्रियाटिकचा जेमतेम ४७ किलोमीटर किनारा आलाय. कोपर बंदराशी रिझाना आणि मिठागरांशी द्रागोन्या, दोन्ही छोट्या. सोचा इटलीतून जाऊन मिळते. उरलेलं बहुतेक पाणी, देशाच्या साधारण चार पंचमांश भागाचं, सावा, द्रावा आणि मुरा या नद्यांमधून डॅन्यूबला आणि तिथून काळ्या समुद्राला जातं. किनाऱ्यापासून तासाभरावर पडलेला पाऊस उलट्या दिशेला निघून रोमानियापर्यंत जातो, हे कोकणातल्या माणसाला पटायला वेळ लागतो.

बाई, स्पष्ट लिहितो. परदेश पाहून आलं की सगळं गोड दिसतं. एवढासा देश, मूठभर माणसं, त्यांना नद्या सांभाळायला काय जातं?
— एक नाराज वाचक, रत्नागिरी

स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं. एवढासा म्हणजे किती ते बघू. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून सुमारे साडेवीस हजार चौरस किलोमीटर. स्लोव्हेनिया वीस हजारांच्या थोडा वर. म्हणजे आपल्या या तीन जिल्ह्यांएवढाच. माणसं साधारण एकवीस लाख, आपल्याहून कमी, हे मान्य. पाऊस राजधानीत वर्षाला चौदाशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त. तरी मे महिन्यात टँकर कुणाच्या दारात येतो?

आणि गोड तर मुळीच नाही. देशाच्या दक्षिणेला क्रुपा नावाची छोटी नदी आहे, चुनखडीतल्या झऱ्यातून निघणारी. वरच्या अंगाला कपॅसिटर बनवणारा एक कारखाना होता. त्याने वर्षानुवर्षं पीसीबी नावाच्या विषारी तेलाचा कचरा आसपासच्या खळग्यांत टाकला. जमिनीत गेला, दिसेनासा झाला, सगळे निश्चिंत. १९८०च्या दशकात तो क्रुपाच्या झऱ्यात सापडला. झऱ्याचं पाणी त्या भागाला पिण्यासाठी पुरवायचा विचार होता, तो बारगळला. ते विष आजही पुरतं गेलेलं नाही.

मला वाटतं त्यांना शहाणपण आलं ते अशाच फटक्यांनी. २०१६ मध्ये त्यांनी पिण्याच्या पाण्याचा हक्क राज्यघटनेत घातला. २०२१ मध्ये सरकारने पाणी कायद्यात बदल केला, नदी-समुद्राच्या काठावर बांधकामाला वाट मोकळी होईल अशी भीती लोकांना वाटली, आणि जनमत घेतलं तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांनी तो बदल फेटाळला. लेकीच्या घरी नळाचं पाणी येतं ते शहराखालच्या वाळू-खड्यांच्या थरातून उपसलेलं, आणि बहुतेक वेळा क्लोरिनसुद्धा न घालता. मी पहिल्या दिवशी सवयीने पातेलं गॅसवर ठेवलं होतं.

आता आपल्या सड्यांकडे, म्हणजे जांभ्या दगडाच्या माळांकडे बघा. जांभा चुनखडीसारखा विरघळत नाही, पण भोकाभोकांचा आहे. पाऊस तो पितो, खालच्या चिकण मातीच्या थरावर पाणी अडतं आणि आडवं सरकत सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन निघतं. त्या झऱ्यावर व्हाळ, म्हणजे ओढा, आणि व्हाळावर वाडी. सातबाऱ्यावर सडा ‘पोटखराबा’. मग त्यावर चिरेखाण निघते. खाण संपली की खड्डा उरतो, आणि खड्डा दिसला की कुणीतरी त्यात कचऱ्याचा डंपर उलटा करतं. मी डोळ्यांनी पाहिलंय : प्लास्टिक, कोंबड्यांची पिसं, जुनं इंजिन ऑइल. खड्डा सड्यावर, झरा खाली सहाशे पावलांवर. क्रुपाची गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी. नाराज राहा, पण एकदा तुमच्या सड्यावर चढून या.

बाई, मी नववीत आहे. आमच्या वाडीमागच्या झऱ्याचं पाणी सड्यावरूनच येतं का, हे मला शोधायचंय. तुम्ही लिहिलेला रंग कुठे मिळेल? आमचा झरा शिमग्यानंतर आटतो.
— एक विद्यार्थिनी, गुहागर तालुका

बाळ, रंग नको. पिण्याच्या पाण्यात रंग टाकायला भूजलवाल्यांची परवानगी आणि जाणकार माणूस लागतो, आणि वाडीतल्या बायका तुला झोडपतील ते वेगळंच. रंगाशिवाय पुष्कळ करता येतं.

एक बादली घे आणि बाबांचा मोबाइल. झऱ्याची धार जिथे एका जागी पडते तिथे बादली लाव, भरायला किती सेकंद लागले ते लिही. धार पसरत असेल तर केळीच्या सोपाची पन्हळ लाव. दर रविवारी, शक्यतो एकाच वेळेला. शाळेत पर्जन्यमापक असेल तर पावसाचा आकडा शेजारच्या रकान्यात. नसेल तर सरळ उभ्या कडांचा डबा अंगणात ठेव आणि फूटपट्टीने मोज. मोठा पाऊस पडला की त्या आठवड्यात रोज बादली लाव. धार त्याच दिवशी फुगली आणि पाणी गढूळ झालं तर ते वरवरचं, जवळचं. चार-आठ दिवसांनी, स्वच्छ, हळूहळू वाढली तर ते सड्याच्या पोटातून येतंय असं धरायला जागा आहे. पाण्याचं तापमानही घे. खोलातून येणारं पाणी जूनमध्ये आणि जानेवारीत फारसं बदलत नाही. आणि आजीला विचार, तिच्या लहानपणी झरा कुठल्या सणापर्यंत टिकायचा. शिमगा की अक्षय्य तृतीया, ते तारखेइतकंच उपयोगाचं आहे.

झरा आटेपर्यंतची वही मला पाठव, मी याच सदरात छापीन. बादली किती लिटरची ते पहिल्या पानावर लिही. गेल्या वर्षी एका मुलाने अख्ख्या पावसाळ्याच्या नोंदी पाठवल्या आणि नेमकं तेवढंच लिहायचं राहिलं.